चेंडू फेकणारा रोबोट: चाक की गलोल? आणि आपलं डिझाईन दुसऱ्या शाळेला दाखवावं का?

काळीमाती

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढच्या एका गावात विज्ञान शिकवतो. आमच्या नववी-दहावीच्या मुलामुलींनी यंदा नागपूरच्या एका आंतरशालेय रोबोटिक्स स्पर्धेत नाव दिलंय. काम ऐकायला सोपं वाटतं. मैदानावर पडलेले टेनिसचे चेंडू रोबोटने गोळा करायचे आणि तीन मीटरवरून, जमिनीपासून सव्वा मीटर उंच असलेल्या टोपल्यात टाकायचे. सुरुवातीला रोबोट ४५ सेंटीमीटरच्या घनात मावला पाहिजे. बॅटरी १२ व्होल्टची, वेळ अडीच मिनिटं.

पोरांत दोन तट पडलेत. एक गट सायकलच्या ट्यूबची गलोल करा म्हणतो, दुसरा फिरत्या चाकावर अडून बसलाय. चाकवाल्यांनी जॉन्सन गिअर मोटर (वेग कमी आणि जोर जास्त देणारी) लावून बघितली, तर चेंडू चाकातून निघतो आणि पायाशीच टपकतो. गलोलवाले तेव्हापासून फार खुशीत आहेत. आमच्याकडे असलेलं सामान: मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या चार जॉन्सन मोटरी, एक अर्डुइनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), मोटरींना वीज पुरवणारा लाल रंगाचा एल२९८ ड्रायव्हर, फवारणी पंपाची बॅटरी आणि वर्कशॉपमधलं प्लायवुड.

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेचीही टीम उतरतेय. तिथल्या सरांचा फोन आला, एका रविवारी दोन्ही टीम एकत्र बसवू म्हणाले. मी वर्गात सांगितलं तर पोरं बिथरली. "सर, ते आपलं सगळं पाहून घेतील." हो म्हणू की टाळू?

वायसर

सर, माझं हिंगणघाटला लेथचं दुकान आहे. रोबोटमधलं मला फार कळत नाही, पण फिरणाऱ्या वस्तूंवरच पोट आहे, म्हणून लिहितो.

तुमची मोटर चुकीच्या कामाला लागली आहे. ३०० फेऱ्यांची गिअर मोटर गाडी ओढायला चांगली. चाक १० सेंटीमीटरचं धरलं तर परीघ साडेएकतीस सेंटीमीटर, आणि मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला ५ फेरे. चाकाची कडा सेकंदाला दीड मीटर धावते. त्यातलं चेंडूला निम्मंच मिळतं. मग तो पायाशी पडणार नाही तर काय होणार? बिनगिअरची ७७५ मोटर घ्या. नागपूरला सीताबर्डीत मिळते, कुरिअरनेही येते. घेताना फेरे वाचून घ्या, एकाच नावाखाली सतरा प्रकार विकतात.

आणि चाक आउट मारत असेल, म्हणजे फिरताना थरथरत असेल, तर आधी ते सरळ करा. शाफ्ट दोन ६०८ बेअरिंगवर आडवा ठेवून चाक हलकेच फिरवा. दरवेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे. तिकडून थोडं ड्रिल मारा किंवा समोरच्या बाजूला वजन द्या. हे न करता मोटरला दोष देणारे लय पाहिलेत.

काळीमाती

@वायसर, धन्यवाद दादा. पण चेंडूला निम्मंच का मिळतं? हे पोरांनी विचारलं आणि मला फळ्यावर नीट मांडता आलं पाहिजे.

जुना_रोबोकॉनवाला

मी सांगतो. तुमच्या रचनेत एका बाजूला फिरतं चाक आहे आणि दुसऱ्या बाजूला स्थिर कमान, जिला आम्ही हूड म्हणायचो. चेंडू दोघांच्या मध्ये दाबला जाऊन लोळतो. चाकाला टेकलेली बाजू चाकाच्या वेगाने जाते, कमानीला टेकलेली बाजू थांबलेली असते. चेंडूचा मध्य या दोन्हीच्या सरासरीने जातो, म्हणजे निम्म्या वेगाने. उरलेलं त्याच्या गिरकीत जातं. ही गिरकी उलटी असते आणि ती वाया जात नाही. उलट्या गिरकीचा चेंडू हवेत किंचित तरंगतो, आणि मागच्या फळीवर आपटला तर खाली टोपल्यात येतो.

दोन्ही बाजूंना चाकं लावून ती उलटसुलट सारख्या वेगाने फिरवली तर चेंडूला कडेचा पूर्ण वेग मिळतो आणि गिरकी जवळजवळ नसते. क्रिकेटच्या सरावाचं बोलिंग मशीन हेच करतं. दोन चाकांचे वेग कमीजास्त केले की त्यात स्विंग येतो. तुमच्या कामाला स्विंग नकोय, शिवाय दोन मोटरींचे फेरे जुळवणं हा नवा व्याप. शाळेच्या टीमला मी एक चाक आणि कमानच सुचवीन.

आता वेगाचं गणित. चेंडू रोबोटमधून जमिनीपासून पाव मीटरवर सुटतो असं धरू, म्हणजे टोपलं तिथून एक मीटर वर आणि तीन मीटर लांब. फेकण्याचा कोन ४५ अंश घेतला तर सेकंदाला साधारण ६.६ मीटर वेग लागतो. ६० अंशाला ६.५. मधे ५४ अंशाच्या आसपास सगळ्यात कमी, ६.४ च्या जवळ. आकडे फारसे हलत नाहीत असं वाटेल, पण खरी गंमत तिथेच आहे. ज्या कोनाला सर्वात कमी वेग लागतो, त्या कोनात एखाददुसरा अंश इकडेतिकडे झाला तरी चेंडू जवळपास तिथेच पडतो. कोनाची चूक माफ होते, वेगाची होत नाही. म्हणून कमान ५५ अंशाला पक्की ठोकून टाका आणि सगळी मेहनत वेग कायम ठेवण्यावर घाला.

६.५ मीटरसाठी कडेचा वेग १३ हवा. १० सेंटीमीटरच्या चाकाला ते मिनिटाला जवळपास २५०० फेरे झाले. थोडी घसरण होतेच, तेव्हा ३००० धरून चला. मोटरवर लिहिलेले फेरे बिनओझ्याचे असतात, म्हणून ४५०० च्या आसपासची घ्या. कामाचा वेग त्याच्या दोनतृतीयांश राहिला की मोटरला परत उसळी मारायला जागा राहते.

अवांतर: ज्यांना रोबोकॉन ठाऊक नाही त्यांच्यासाठी. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची ही स्पर्धा २००२ पासून चालते, विषय दरवर्षी यजमान देश ठरवतो. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा, आपली दहीहंडी. २०२२ मध्ये दिल्लीत लगोरी होती, रोबोटने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि पुन्हा रचायची. २०२५ ला मंगोलियात उलानबातरला बास्केटबॉल. तेव्हा चेंडू फेकणारं यंत्र ही काही पोरखेळाची गोष्ट नाही.

गोफण

बाप्पा! तीन मीटरवर चेंडू टाकाले एवढं गणित? आमच्या वावरात ज्वारी हुरड्यावर आली का पाखरं बसतेत. गोफण फिरवाची अन् दोरी सोडाची. गोटा कुठं जाईन ते हाताले मालूम. बुढा माहा साठ पावलावरून बाभळीवरचा कावळा उठवे. त्याले काही ५४ अंश ठाऊक नोयते.

जुना_रोबोकॉनवाला

@गोफण, भाऊ, तुमच्या वडिलांचा हात हाच त्यांचा संगणक. गोफणीत दोरी कोणत्या क्षणी सोडायची यावर सगळं असतं आणि तो क्षण अंगवळणी पडायला वर्षं जातात. यंत्राच्या हाताने फेकताना तीच पंचाईत होते. चाकाच्या रचनेत सोडायचा क्षण ठरवावाच लागत नाही, कमान संपली की चेंडू सुटला. म्हणून पोरांना चाक सोपं.

गोफण

हे पटलं. पन गलोलवाल्या पोट्ट्याईले एवढ्यात हरवू नका. त्याईचं बी ऐका.

खामगावची_सई

गलोलवाल्यांच्या बाजूने मी बोलते. माहेर खामगाव, सध्या मिशिगनमध्ये. इथल्या एका शाळेच्या टीमला मार्गदर्शन करते, त्यामुळे फर्स्ट नावाच्या संस्थेच्या शालेय रोबोट स्पर्धा जवळून बघायला मिळतात. डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ही संस्था काढली आणि १९९२ पासून मोठ्या रोबोटांची स्पर्धा सुरू आहे. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि फेकण्याचे खेळ मुलांचे सर्वात लाडके. २००६ मध्ये फोमचे चेंडू होते, २०१२ मध्ये बास्केटबॉल, २०१३ मध्ये चक्क फ्रिस्बी. २०१७ मध्ये शेकड्यांनी छोटे चेंडू, २०२२ मध्ये टेनिसच्या चेंडूचे थोरले भाऊ.

यातून एक गोष्ट दिसते. चेंडू लहान आणि खूप असतील तर चाक जिंकतं, कारण ते एकापाठोपाठ एक ओकत राहतं. २०१४ मध्ये चेंडू दोन फूट व्यासाचा होता आणि रोबोटला एका वेळी एकच जवळ बाळगता यायचा. त्या वर्षी ताणलेल्या रबराच्या आणि स्प्रिंगच्या फेकण्यांची चलती होती. फेकणीचा मोठा गुण हा की तिची शक्ती बॅटरीवर अवलंबून नसते. रबर दरवेळी तेवढंच ताणलं की चेंडू दरवेळी तेवढाच जातो, बॅटरी भरलेली असो की अर्धी. मोटर फक्त ताणण्याचं काम करते, आणि त्याला सरांकडच्या ३०० फेऱ्यांच्या मोटरीच बऱ्या. म्हणजे घरात आहे त्या सामानात उद्या सकाळी चालणारं यंत्र हवं असेल तर गलोल. पण अडीच मिनिटांत चेंडू किती टाकता येतील ते मोजा, कारण प्रत्येक वेळी ताणा, अडकवा, चेंडू ठेवा, सोडा हे आलंच. शिवाय सायकलची ट्यूब आपल्याकडच्या उन्हात ताणलेली राहिली तर हळूहळू सैल पडते. सकाळी जुळवलेली गलोल दुपारी अर्धा हात मागे टाकेल.

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर रात्री लिहिते. हो म्हणा, एवढं आत्ता सांगून ठेवते.

शंकासूर

मला हे पटत नाही आणि स्पष्टच लिहितो. अमेरिकेतल्या टीमकडे प्रायोजक असतात, लेझर कटर असतो, चार इंजिनिअर पालक असतात. त्यांनी सगळं उघड केलं तरी त्यांचं काही जात नाही. आमच्या पोरांकडे असते फक्त कल्पना. ती शहरातल्या शाळेने उचलली की त्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, चार दिवसांत आमच्यापेक्षा देखणं बनवून मोकळे. माझ्या पुतण्याच्या टीमने चेंडू उचलायला रबरी पट्ट्यांचा फिरता रूळ केला होता. सरावाच्या वेळी दुसऱ्या एका टीमने फोटो काढले, पुढच्या स्पर्धेत तोच रूळ त्यांच्या रोबोटवर. नंबर कुणाचा आला ते सांगायला नको.

गरिबाने पत्ते झाकूनच खेळावं.

वायसर

शंकासूर भाऊ, राग रास्त आहे. पण तो रूळ त्यांच्याकडे चालला ना? मग त्यांनीही काहीतरी काम केलंच असेल. माझ्याकडे रोज लोक फोटो घेऊन येतात, असा पार्ट करून द्या म्हणतात. फोटोत माप नसतं. मटेरियल नसतं. किती घट्ट बसवायचा ते नसतं. फोटोवरून केलेला पार्ट शंभरात नव्वद वेळा परत येतो.

खामगावची_सई

@शंकासूर, तुमच्या पुतण्याच्या टीमवर अन्याय झाला. फोटो काढणाऱ्यांनी विचारायला हवं होतं आणि मिरवताना कुणाचं आहे ते सांगायला हवं होतं. यात दुमत नाही.

पण इथली पद्धत साधुसंतांनी घालून दिलेली नाही, ती खेळाच्या नियमातूनच आली आहे. इथे सामना तीन विरुद्ध तीन होतो आणि जोड्या चिठ्ठीने पडल्यासारख्या पडतात. सकाळी जो तुमच्या विरुद्ध तोच दुपारी तुमचा भिडू. त्याचा रोबोट बंद पडला तर तुम्हीच हरणार, म्हणून लोक प्रतिस्पर्ध्याला बॅटरी देतात, स्क्रू देतात, कधी अख्खी मोटर देतात. पुढे बाद फेरीत वरच्या टीम आपले भिडू स्वतः निवडतात. तिथे नुसता लपूनछपून खेळणारा मागे पडतो. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स या वागण्याचा आग्रह धरायचे, ते २०१९ मध्ये गेले. चुरशीने खेळा पण माणुसकी सोडू नका, असा त्यांच्या शिकवणीचा सूर.

आणि कमी साधनांच्या टीमचं म्हणाल तर टेक्सासची ११८ क्रमांकाची टीम दरवर्षी 'एव्हरीबॉट' नावाचा साधा रोबोट बनवून त्याची रेखाचित्रं, सामानाची यादी, सगळं मोकळं करते. साध्या हत्यारांनी करता यावा असाच तो आखलेला असतो. अनेक नव्या टीमचा पहिला रोबोट तोच. म्हणजे उघड केल्याने फायदा होतो तो आधी ज्याच्याकडे काही नाही त्याचा. आपल्या पोरांनीही ही रेखाचित्रं बघावीत, फुकट आहेत.

पण तुमच्या स्पर्धेत सामने एकास एक आणि बाद पद्धतीचे असतील, तर डावपेच स्वतःकडे ठेवायला माझी हरकत नाही. कुठून फेकायचं, आधी कोणते चेंडू उचलायचे, समोरचा आडवा आला तर काय करायचं, हे सामन्याच्या दिवशीच कळू द्या. यंत्राबद्दल मात्र लपवण्यासारखं फार नसतं. चाक आणि कमान सगळ्यांनाच ठाऊक आहे. सांगण्यासारखे असतात ते तुमचे आकडे: फट किती ठेवली, फेरे किती, कितीव्या चेंडूला वेग पडला. ते समोरच्याला दिले तर तोही त्याचे देईल, आणि दोन शाळांचे आकडे एकत्र आले की तुमच्या चाचण्या निम्म्याने वाचतील.

शंकासूर

डावपेच ठेवायचे, यंत्र सांगायचं. हे थोडंफार चालण्यासारखं आहे. मात्र फोटो काढण्याआधी विचारायचं, हा नियम दोन्ही सरांनी आधी सांगावा.

काळीमाती

मान्य. तसा निरोप त्या सरांना पाठवला आहे, त्यांनाही पटलं. पुढचं आमची कर्णधार लिहिते, माझ्याच फोनवरून.

*नमस्कार, मी दहावीत आहे. ७७५ मोटर आली. चाक ट्रॉलीचं आहे, त्यावर सायकलची ट्यूब ताणून बसवली. कमान पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याची केली. पहिला चेंडू बरोबर टोपल्यात जातो. लगेच दुसरा टाकला तर दोन वीत अलीकडे पडतो. थांबून टाकला तर परत बरोबर. आणि एल२९८ हात लावता येणार नाही इतका तापतो. गलोलवाले हसतात. काय करू?*

जुना_रोबोकॉनवाला

शाब्बास! दोन वीत हा आकडा सांगितलास ते फार चांगलं केलंस, आता हिशोब करता येईल.

टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. तो साडेसहा मीटरने जातो तेव्हा त्यात सव्वा ज्यूल ऊर्जा असते. तुझं चाक दीडशे ग्रॅमचं असेल तर २५०० फेऱ्यांना त्यात सहा-साडेसहा ज्यूल साठलेले असतात. म्हणजे एका चेंडूने निदान पाचवा हिस्सा नेला, गिरकी आणि घसरण वेगळी. पाचवा हिस्सा ऊर्जा गेली की वेग दहा टक्के पडतो, आणि वेग दहा टक्के पडला की पल्ला वीस टक्के. तीन मीटरचे वीस टक्के साठ सेंटीमीटर. तुझ्या दोन वीतांच्या जवळपास जातं.

उपाय चाकात वजन वाढवण्याचा, तेही मध्याशी नाही, कडेशी. कडेजवळ सगळीकडे सारख्या अंतरावर तीनशे ग्रॅम लोखंडी वायसर बसवले तर साठा चौपट होतो आणि त्याच चेंडूने वेग दोन-तीन टक्केच पडतो. चाक वेगात यायला सुरुवातीला जास्त वेळ घेईल, त्याला हरकत नाही, सामना सुरू होताच फिरवून ठेवायचं.

वायसर

थांबा, थांबा. वायसर चिकटवायचे नाहीत! २५०० फेऱ्यांवर दहा ग्रॅमचा वायसर तीन किलोच्या जोराने बाहेर ओढतो. डिंकाने लावलेला सुटला तर गोळीसारखा जाईल. आरपार बोल्ट, नायलॉनवाला नट, आणि चाकाभोवती पत्र्याचं नाही तर प्लायवुडचं झाकण. चालवताना पोरांच्या डोळ्यांवर चष्मे. सर, हे तुम्ही उभं राहून बघा. चाक घेऊन कुणी हिंगणघाटला येणार असेल तर मी लेथवर लोखंडी रिंगच करून देतो, पैसे नकोत.

तेलाच्या डब्याचा पत्रा पातळ आहे. चेंडू आत शिरला की तो बाहेर फुगतो आणि दाब जातो. मागून प्लायवुडच्या दोन-तीन बरगड्या द्या.

जुना_रोबोकॉनवाला

वायसरदादांचं शब्दाशब्दाने ऐका. दाबाचं पुढे सांगतो. टेनिसचा चेंडू ६.५ ते ६.९ सेंटीमीटरचा. चाक आणि कमान यांच्यातली फट ६ ला ठेवून सुरुवात करा, मग दोन-दोन मिलिमीटरने बदलत बघा. फट मोठी राहिली तर चेंडू घसरतो, फार लहान झाली तर मोटर दमते आणि चेंडूची लव उडते. जुने आणि नवे चेंडू मिसळू नका.

एल२९८ मोकळा करा, त्याला सुट्टी द्या. तो एका बाजूला २ अँपिअरचा आहे आणि स्वतःच दोनेक व्होल्ट खाऊन टाकतो. ७७५ सुरू होतानाच त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ओढते. त्याच्या जागी बीटीएस७९६० नावाचं जास्त करंट झेपणारं मॉड्यूल घ्या.

वेग कायम ठेवायला चाकावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका आणि समोर तो ठिपका ओळखणारा आयआर सेन्सर. ३००० फेऱ्यांना सेकंदाला पन्नास ठोके येतात, अर्डुइनोला ते सहज मोजता येतात. कोडमध्ये एकच अट: फेरे कमी असतील तर मोटर पूर्ण जोरात, जास्त असतील तर बंद. बंद करताना ब्रेक लागू द्यायचा नाही, मॉड्यूलची एनेबल पिन (चालू-बंद करणारी) बंद करून चाक मोकळं सोडायचं. दिसायला अडाणी वाटतं, पण जड चाकाला हे छान चालतं. आणि फेरे ठरलेल्या आकड्यावर आल्याशिवाय पुढचा चेंडू सोडायचाच नाही, हेही कोडमध्येच लिहा. बटण दाबणाऱ्या पोराच्या उत्साहावर सोडू नका.

खामगावची_सई

एक विचारते. फवारणी पंपाची बॅटरी नवी आहे की वावरात वापरलेली? वापरलेल्या पंपातली असेल तर ती, तिची पेटी, वायरी सगळं आधी मोठ्या माणसाने हातमोजे घालून पुसून घ्यावं. कीटकनाशक वायरींच्या जोडात बसलेलं असतं आणि मुलं त्याच हातांनी डबा खातात.

काळीमाती

नवी आहे, सरपंचांनी दिली. तरी सूचना फळ्यावर लिहून ठेवली, कारण पर्यायी बॅटरी एका पालकाच्या पंपातली आणणार होतो. ती आता आणत नाही.

गोफण

सरपंचाईले सांगजा, पोट्टे जिंकले त पंप भी देजा म्हनाव.

काळीमाती

रविवारची बैठक झाली, थोडक्यात लिहितो. ती टीम एसटीने आली, रोबोट दोन पोत्यांत बांधून. त्यांचा रोबोट फेकणीचा निघाला, सायकलच्या ट्यूबचा! आमचे गलोलवाले एकदम त्यांच्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी वहीत प्रत्येक फेकीचं अंतर लिहून ठेवलं होतं. दुपारी अंतर कमी होतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण कारण मिळालं नव्हतं. आमच्या मुलीने सईताईंचं उन्हाचं वाक्य वाचून दाखवलं. मग दोन्ही टीमनी मिळून एक ट्यूब उन्हात आणि एक सावलीत ताणून ठेवून मोजलं. फरक दिसला.

आमच्या चाकाची गंमत त्यांच्या एका मुलाने पकडली. दुपारनंतर पहिला चेंडूही तोकडा पडत होता, फेरे मात्र बरोबर. त्याने चाकावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. आमच्या मैदानातली माती चेंडूला लागते, चेंडूची चाकाला, आणि चाक घसरतं. ओल्या फडक्याने पुसलं की पल्ला परत. आता दर सामन्याआधी चाक पुसायचं काम एकाला नेमून दिलंय.

डावपेचाबद्दल कुणी कुणाला विचारलं नाही. फोटो विचारून काढले. शंकासूर, तुमचा नियम चालला.

शंकासूर

बरं वाटलं. पुतण्याला धागा पाठवलाय. त्याचा रूळ कसा केला ते तो लिहील म्हणतो, रबरी पट्ट्या किती अंतरावर लावल्या त्यासकट. तुमच्या पोरांना चेंडू उचलायला लागेलच.

काळीमाती

लागेलच काय, त्याच्यावरच अडलंय! सध्या चेंडू हाताने भरतोय. टेनिसचा चेंडू उचलताना दोन एकदम तोंडाशी आले की अडकतात, त्याचं काय केलं होतं तेवढं आधी विचारा त्याला.

शंकासूर

विचारलं. तोंडाशी उजव्या-डाव्या पट्ट्या सारख्या लांबीच्या ठेवू नका म्हणतो, एक बाजू लांब ठेवली की एक चेंडू पुढे जातो, दुसरा थांबतो. बाकी मापं शनिवारी टाकतो, परीक्षा आहे त्याची.